डिकीवरचे ठिपके

शेजारच्या काकांची नक्कल मला फर्स्टक्लास जमायची. पोट आत, हनुवटी वर आणि, "आपण स्वतः केलंय." जुन्या लाल स्पोर्ट्स कारला मागे पंखासारखा स्पॉयलरही त्यांनी घरीच बसवायला घेतला. पण ड्रिल डिकीवर टेकवलं आणि पुन्हा उचललं. भोक चुकलं असतं तर डिकी कामातून गेली असती.

"सरका बरं," म्हणत काकूंनी दोरा धरला आणि रांगोळीसारखे दोन्हीकडे सारखे ठिपके काढले. "हं, पाडा आता."

स्पॉयलर एकदम सरळ बसला. संध्याकाळी आम्ही तिघं फिरायला निघालो. गंगापूर रोडच्या सिग्नलला बाइकवाल्याने विचारलं, "कुठे बसवला हो?"

"घरीच. मापं हिची."

सिग्नल हिरवा झाला. मागचे हॉर्न बोंबलायला लागले, तरी काका हलेनात. "अगं, सांग ना त्याला, ठिपके कसे काढलेस ते."