"नाटक माझ्यावरच लिवलंय!"

आमच्या बेंबळीच्या हौशी नाटक मंडळात प्रत्येक प्रयोगाला काहीतरी हरवतं. कधी मिशी, कधी पडद्याची दोरी. किस्से तेवढे वाढतच जातात! मी शाळेत मराठी शिकवतो आणि मंडळाची नाटकं लिहितो. त्यामुळं तक्रारी पहिल्यांदा माझ्याकडंच येतात.

* * *

पहिलं नाटक खाष्ट सासूवर लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या तीन सासवा एकामागून एक घरी हजर! तिघींचं म्हणणं एकच, "मास्तर, नाटक माझ्यावरच लिवलंय तुम्ही!"

खरं तर ते माझ्या सख्ख्या आत्यावर बेतलेलं. आत्या पहिल्या रांगेत पोट धरून हसत होती. घरी आल्यावर म्हणाली, "लई ग्वाड झालं. पर असली बाई कुठं असती व्हय रं?"

* * *

आमचा दत्ता दवाखान्यात कंपाउंडर. नाटकात त्यानं धाकट्या भावाची जमीन लाटणारा माणूस रंगवला. आठ दिवसांनी नळदुर्गला गेला, तर धाब्यावर चहाच मिळेना. मालक म्हणाला, "आधी भावाची जमीन दे, मग चहा!"

दत्ताला जमीन नाही. भाऊसुद्धा नाही!

* * *

एका नाटकातला क्लार्क येईल त्याला "उद्या या" म्हणायचा. बघायला तालुक्याच्या एका ऑफिसातले भाऊसाहेब आले होते. टाळ्या सगळ्यात जोरात त्यांच्याच!

सोमवारी त्यांच्या खिडकीपुढं रांग लागली. भाऊसाहेब सवयीनं म्हणाले, "उद्या या." अख्खी रांग खो-खो हसत सुटली. भाऊसाहेबांनी निमूट कागद घेतले. पुढं रस्त्यात मला गाठून म्हणाले, "सर, एखादं दुसरं वाक्य तरी सुचवा की!"

* * *

महेश सुपारीलाही शिवत नाही, पण दारुड्याचं काम फक्कड करतो. ईट गावच्या, मुलीकडच्या पाहुण्यांनी ते काम बघितलं आणि सोयरीक अडली. आम्ही जाऊन समजूत घातली. सगळ्यांना पटलं. मुलगी मात्र म्हणाली, "पीत न्हाईत, मान्य. पर खोटं इतकं खरं करत्यात, तर ह्यांचं खरं मी वळखू कसं?"

लग्न झालं. महेश अजून उत्तर शोधतोय.

* * *

आमच्या मंडळातली सुनीता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. घरी तिचं लग्न ठरवायची घाई चाललेली. नेमकं तेव्हाच आमचं नाटक त्याच विषयावर. बाप झालेला दत्ता मुलीला न विचारता लग्न ठरवतो. मुलगी सुनीता. तिला एकही वाक्य नाही, नुसतं मान खाली घालून उभं राहायचं.

शाळेच्या पटांगणावर दुपारचा प्रयोग. दत्तानं सुपारी फोडायचं जाहीर केलं, तेवढ्यात प्रेक्षकांतून एक आजी उठली, "आरं, त्या पोरीला इचार की!"

दत्ता गडबडला. त्यानं खरंच विचारलं, "काय गं, करायचं का लग्न?"

सुनीतानं मान वर केली. "न्हाय. आधी मला शिकायचंय."

दत्तानं विंगेकडं बघितलं. मग तिसऱ्या रांगेतून सुनीताचे खरे वडील उठले. टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, "बरं. शीक."

विंगेत प्रॉम्प्टर घाईघाईनं वही चाळत होता. मला म्हणाला, "सर, हे कोणत्या पानावर हाय?"