आबांचा बिल्ला

टाइम ऑफिसच्या खिडकीशी कोणी कुलूप-किल्लीची तक्रार घेऊन तावातावाने आलं की आबा आधी चष्मा कपाळावर चढवायचे आणि शांतपणे विचारायचे, "काल उघडत हुतं का? मग कालपास्नं बदललं काय?"

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, ज्याच्यापुढे साहेबाचा आवाज आपोआप खाली येतो. सत्तरच्या दशकात आबा इस्लामपूरजवळच्या आमच्या साखर कारखान्यात हजेरी आणि किल्ल्या सांभाळणारे टाइमकीपर होते आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. आता ते नाहीत.

तिथे प्रत्येकाला नंबराचा पितळी बिल्ला असे. तो दाखवल्याशिवाय फाटकातून आत सोडत नसत. एखाद्या खोलीची किंवा कपाटाची किल्ली हवी असेल तर बिल्ला आमच्याकडे त्या किल्लीच्या खिळ्याला अडकवायचा. किल्ली परत आली की बिल्ला परत. कोणत्या नंबराला कोणती किल्ली द्यायची ते खिळ्याखाली रंगवलेलं असे. आबांचा नंबर सगळ्याच खिळ्यांखाली होता.

एकदा इंजिनियरसाहेबांनी सगळ्या गोदामांच्या किल्ल्या मागितल्या. आबा म्हणाले, "तुमास्नी बेरिंग पायजे न्हवं? मग त्याच खोलीची न्या. बाकीच्या खोल्यांत काय लगीन लावायचंय?" साहेब हसले, पण एकच किल्ली घेऊन गेले.

स्वतःचा बिल्ला दुसऱ्यासाठी अडकवणं मात्र आबांच्या लेखी पाप होतं. "डबा माग, देतो. बिल्ला मागू नगंस," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

एका दुपारी दवाखान्यातली नर्सबाई धावत आली. जतकडून ऊसतोडीला आलेल्या एका बाईला फडात साप चावला होता. डॉक्टर मोठ्या साहेबांबरोबर सांगलीला गेलेले, लस दवाखान्याच्या कुलूपबंद कपाटात, आणि मी किल्ली देईना. नर्सबाईचा नंबर त्या खिळ्याखाली नव्हता.

"अहो, परवापर्यंत हीच किल्ली नेत होते मी!"

आबांनी चष्मा वर केला. "मग बदललं काय?"

"कायम झाले ना. नवा बिल्ला मिळाला."

घोटाळा तिथेच होता. आम्ही सगळ्यांनी तिचे पेढे खाल्ले, जुना नंबर पुसला आणि नवा रंगवायचं कोणालाच सुचलं नाही. टेंपररी होती तोवर कपाट उघडत होतं, कायम झाल्यावर बंद. नवा नंबर चढवायला मोठ्या साहेबांची परवानगी लागायची.

आबांनी आपला बिल्ला काढला, खिळ्याला अडकवला आणि किल्ली तिच्या हातात दिली. "पळा," एवढंच म्हणाले.

लस टोचून नर्सबाई त्या बाईला ट्रकमधून सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. घाईत किल्ली तिच्याच खिशात राहिली, आणि आबांचा बिल्ला खिळ्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनने त्यांना फाटकावर अडवलं. बिचारा पार ओशाळला होता. "आबा, मी वळखतो तुमाला, पर बिल्ला..."

"बरुबर हाय गड्या. सोडू नगंस."

आबा बाहेर लिंबाखाली जाऊन बसले. मी चहा नेला, तो तसाच निवून गेला. "ती बाई जगंल का रं?" हेच ते पुन्हा पुन्हा विचारत होते. मला त्या वेळी त्यांची फार माया आली.

ऊन मी म्हणत होतं तेव्हा नर्सबाई परतली. "आबा, उठून बसली ती. चहा मागितला."

मी तिच्याकडून किल्ली घेतली, पळत जाऊन जागेवर लावली आणि बिल्ला आणून आबांच्या हातात दिला. वॉचमनने फाटक उघडून धरलं. आबांनी बिल्ला खिशात टाकला आणि उलटे तोडकऱ्यांच्या खोपटांकडे चालू लागले.

"आदी तिच्या पोरास्नी सांगून येतो," मागे न बघताच ते म्हणाले. "त्यांस्नी कुनी काय सांगितलं नसंल."