बाहेरगावी गेलेली झाडं

त्या फेब्रुवारीत मला शाळा तपासायच्या समितीवर घेतलं. मी स्वतः जिल्हा परिषदेचा शिक्षक. वीस वर्षं माझीच शाळा कुणी ना कुणी तपासत आलेलं. त्यामुळे हातात गुणपत्रक घेऊन दुसऱ्याच्या शाळेत शिरताना मिशीला पीळ द्यावासा वाटला. मला मिशी नाही, ती गोष्ट वेगळी.

समितीत दोघंच, मी आणि आमचे विस्तार अधिकारी. साहेब कमी बोलायचे, पेन्सिलीनं गुण द्यायचे आणि खोडरबर वरच्या खिशात ठेवायचे. तिसगावच्या पुढच्या तीन शाळा एका दिवसात बघून त्यातली उजवी कोणती ते ठरवायचं होतं.

पहिली शाळा मोठी, डांबरी रस्त्यालगत. व्हरांड्यात निळ्या रंगवलेल्या तेलाच्या डब्यांत सदाफुली, कोरफड, जास्वंद. जास्वंदीचा डबा फुटका, तारेनं आवळलेला. वर्गात भलामोठा टीव्ही. साहेबांनी झाडांना नऊ दिले, टीव्हीला दहा. निघालो तर मुख्याध्यापक आडवे आले.

"साहेब, जेवल्याशिवाय कसं जाणार? घरी शेंगोळे केलेत."

शेंगोळे झकास होते. पण उठायला गेलं की ताटात आणखी एक पळी पडायची. शेवटी मुख्याध्यापकांचा मोबाईल वाजला. "पोचला का? बरं बरं," एवढंच ते बोलले आणि लगेच आमच्यापुढे बडीशेप आली.

दुसऱ्या शाळेच्या व्हरांड्यात पाय ठेवला आणि मी थबकलो.

"साहेब, ही जास्वंद आपण मघाशी बघितली."

"जास्वंदी सगळ्या सारख्याच दिसतात."

"डबाही तारेनंच बांधलाय."

साहेबांनी चष्मा पुसला, वाकले आणि डबा फिरवला. भिंतीकडच्या बाजूला पांढऱ्या रंगात एका मुलीचं नाव होतं, खाली 'इयत्ता चौथी'.

"ही मुलगी कुठंय?" त्यांनी तिथल्या मुख्याध्यापकांना विचारलं.

"ती आज... गैरहजर आहे."

"आणि या कोरफडीवरची?"

"तिलाही ताप आहे, साहेब."

वीसेक डबे होते. पुढच्या डब्यांना हात न लावण्याची मेहेरबानी साहेबांनी केली, नाहीतर अख्ख्या चौथीला साथ आली असती. वर्गातला टीव्हीही ओळखीचा वाटला, पण टीव्हीवर कुणाचं नाव नसतं. इथं चहा आणि भजी तयार होती. साहेब म्हणाले, "आधी तिसरी शाळा." मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. "दहा मिनिटं तरी थांबा हो," असं म्हणत ते गाडीपर्यंत मागे आले.

तिसरी शाळा वस्तीवरची, दोन खोल्यांची. मुख्याध्यापिका बाई दारातच उभ्या होत्या, पण बघत होत्या आमच्या पाठीमागे, रस्त्याकडे. व्हरांडा मोकळा. फरशीवर तेवढे ओळीनं डब्यांचे चौकोनी डाग.

"झाडं नाहीत?" साहेबांनी विचारलं.

"आहेत ना, साहेब." बाईंनी पदर सारखा केला. "बाहेरगावी गेलीत."

"झाडं बाहेरगावी गेलीत?"

बाई काही बोलणार तोच वर्गातून एक मुलगी बाहेर आली. डोळे रडून लाल. "माजी जास्वंद दुपारपत्तूर यायची हुती. त्यांनी तिला पानी पन दिलं नसंल!"

मग बाईंनी सगळं सांगून टाकलं. मोठ्या शाळांनी झाडं मागितली, नाही म्हणवेना. परवा खडू संपले तर त्यांनीच दिले होते. आणि बदल्यात आज...

ते बदल्यातलं काय, ते तेवढ्यात आलंच. टेम्पो फाटकाशी थांबला आणि मुलं धावत सुटली. जो तो आपापलं नाव शोधत होता. "बाई, माज्या कोरफडीचं पान मोडलं!" "माजी सदाफुली पार सुकली!" जास्वंदवालीनं आधी बाटलीतलं पाणी झाडाला घातलं, मग डोळे पुसले. सगळ्यांत शेवटी, गोधडीत गुंडाळलेला टीव्ही उतरला.

साहेब बाईंकडे बघत राहिले. "हा तुमचा?"

बाई लाजल्या. "नाही, साहेब. हा पाहुणा."

साहेब व्हरांड्याच्या पायरीवर बसले. खोडरबर काढून त्यांनी आधीच्या दोन्ही कागदांवर बराच वेळ खाडाखोड केली. बाईंना झाडांचे दहापैकी दहा, टीव्हीचा भोपळा.

"मोठ्या शाळेला टीव्हीचे ठेवतो, तो त्यांचा आहे," ते म्हणाले. "पण झाडांचे काय द्यायचे?"

"वाहतुकीचे एक-दोन द्या," मी म्हणालो.

दिवसभरात साहेब पहिल्यांदा हसले. इतके, की कागदावर पेन्सिल घसरली. बाईही हसल्या, मग चटकन तोंडावर हात ठेवून आत गेल्या आणि मुलांवर उगाचच ओरडल्या.

निकालात मोठी शाळाच पहिली आली. तिला कंपाउंड होतं, संगणक होते; झाडांनी काय होणार? वस्तीची शाळा तिसरी. मी बाईंना फोन केला तेव्हा ओशाळत म्हणालो, "मला वाईट वाटलं."

"वाईट कशाचं, सर? तिसरा नंबर आला म्हणून मुलं सगळ्या वस्तीला सांगत सुटलीत. शाळा तीनच होत्या, तेवढं मात्र कुणाला सांगू नका."