लिमयेकाकांचा माड

लिमयेकाकांनी घसा साफ करून चष्मा कपाळावर ढकलला, की मिशिगनमधल्या आमच्या ट्रॉय गावातल्या समस्त मराठी मंडळींना कळायचं, आता गुहागर येणार. "आमच्या लहानपणी," अशी त्यांनी सुरुवात करायचा अवकाश, स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज यायचा, "यांचं ऐकताना निम्मं वजा करत जा." काका तिकडे साफ दुर्लक्ष करायचे. भूलतज्ज्ञ म्हणून त्यांनी निम्म्या मिशिगनला झोपवलं होतं आणि रिटायर झाल्यावर तेच काम ते गप्पांनी करत. काका आता नाहीत, म्हणून हे बिनधास्त लिहितोय. पण त्यांच्याकडचं जेवणाचं बोलावणं मी कधी चुकवलं नाही.

सगळ्या गोष्टींत माडाची गोष्ट अव्वल. दहा वर्षांचे काका पायांत दोरीचं कडं अडकवून सरसर माडावर चढायचे आणि शेंड्यावरून त्यांना थेट दाभोळची खाडी दिसायची. "चढायचं असं काही नसतं रे," ते सांगायचे, "माडाला मिठी मारायची आणि वर बघत राहायचं." मिशिगनमध्ये माड नाही, त्यामुळे या विधानाला कुठूनच धोका नव्हता. मी नागपूरचा. संत्री हात वर करून तोडता येतात, तेव्हा मीही मान डोलवायचो.

धोका आला तो क्रूझवर. बर्फाला कंटाळून आम्ही चार कुटुंबं हवाईला गेलो होतो. कुठल्याशा अमेरिकन कायद्यामुळे त्या बोटीला एका परदेशी बंदराला शिवून यावं लागायचं, म्हणून ती होनोलुलूहून खाली किरिबाटी देशातल्या एका चिमुकल्या बेटावर जायची. अमेरिकेत परत घेतील ना, या धास्तीनं व्हिसाचे कागद पोटाशी धरून मी छोट्या होडीतून किनाऱ्यावर उतरलो. बेटावरच्या लोकांनी नाचून-गाऊन आमचं स्वागत केलं, शंखशिंपल्यांच्या माळा विकायला मांडल्या. आमचे सहप्रवासी मात्र बोटीवरून आणलेले बर्गर खायला रांगेत उभे राहिले. आणि जिकडे बघावं तिकडे माडच माड.

"काका, आता दाखवाच," आमच्या ग्रुपमधला मिलिंद म्हणाला.

काकू गुडघ्याचं काहीतरी बोलत होत्या, तोवर काकांनी बूट काढलेसुद्धा. तीस वर्षांची अब्रू पणाला लागली होती. बोटीच्या खलाशाकडून त्यांनी दोरी मागून घेतली, पायांत अडकवली, माडाला मिठी मारली आणि वर बघितलं. माझ्या डोक्याच्या उंचीपर्यंत पोचले आणि तिथेच अडकले. वर जाईनात, खाली येईनात. आम्ही इतके हसलो की मला कॅमेरा धरवेना.

शेजारच्या माडावरून गाणं म्हणत माडी काढणारा एक म्हातारा खाली उतरला. त्यानं काकांचे पाय आपल्या खांद्यांवर घेतले आणि त्यांना अलगद जमिनीवर आणलं. मग स्वतः वर जाऊन एक शहाळं पाडलं आणि ते काकांच्या हातात ठेवलं.

"फर्स्ट टाइम?" त्यानं विचारलं.

"येस," काका म्हणाले. अगदी हळू म्हणाले, पण आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं आणि आमचं हसणं थांबलं.

परतीच्या प्रवासात काकांनी गुहागरचं नाव काढलं नाही. ट्रॉयला आल्यावरही नाही. चष्मा नाकावरच राहिला. जेवायला बोलवायचे, "घ्या, वाढून घ्या," म्हणायचे आणि टीव्ही बघत बसायचे. एकदा देशी दुकानात काकू भेटल्या. भेंड्या निवडता निवडता म्हणाल्या, "घर खायला उठतं रे. वजा करायला काही उरलंच नाही." मला फार वाईट वाटलं.

गणपतीला त्यांच्याकडे आरती झाली, मोदक सुरू झाले. पुण्याहून नवीनच आलेल्या एका मुलीनं विचारलं, "काका, तुम्ही म्हणे माडावर वगैरे चढायचात? रिअली?"

मिलिंद मोदकात तोंड घालून बसला. काका ताटाकडे बघत राहिले. काकू तुपाची वाटी घेऊन बाहेर आल्या.

"चढायचे काय, परवा त्या बेटावर चढले की. शेंड्यापर्यंत. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत." क्रूझवर आलेल्या आम्हा प्रत्येकाकडे त्यांनी एकदा रोखून पाहिलं. "आणि यातलं काही वजा करायचं नाही."

आम्ही माना डोलावल्या. सगळ्यात जोरात मिलिंदनं.

काका काकूंकडे बघत होते. मग त्यांनी घसा साफ केला, चष्मा कपाळावर ढकलला.

"वरून आपली बोट," ते म्हणाले, "काडेपेटीएवढी दिसत होती."