चिंचेच्या कोळातले अ‍ॅमोनॉइड

ओमानच्या वाळवंटातल्या डोंगरांतून मी अ‍ॅमोनॉइडचे जीवाश्म घेऊन घोडपदेवच्या घरी आले. डायनोसोरांच्याही आधी समुद्रात राहणाऱ्या प्राण्यांचे वेटोळे शंख, आता दगड झालेले. संशोधनासाठी त्यांच्यावरच्या नागमोडी रेघा दिसायला हव्या होत्या, पण वर जाड मातकट थर होता.

सकाळी उठून पाहते तर आईने सगळे पितळेच्या समयांबरोबर चिंचेच्या कोळात भिजत घातलेले.

"आई, पंचवीस कोटी वर्षांहून जुने आहेत ते!"

"म्हणूनच एवढे कळकट झालेत," म्हणत ती काथ्याने घासू लागली.

मी रडकुंडीला येऊन एक हिसकावून घेतला. त्यावर रेघा लख्ख उमटल्या होत्या. मी संशोधनातल्या माझ्या मार्गदर्शक सरांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला, "कुठलं अ‍ॅसिड वापरलंस?"

मी फोन आईकडे दिला.