साडूचा तक्ता

लाँड्रीत पाढेमामांना खऱ्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. बॉयलरचा काटा वाफेचा दाब किलोत दाखवायचा आणि इस्त्रीची जुनी यंत्रं पौंडात. त्यामुळे यंत्रावरच्या बायका दिवसातून दहादा विचारायच्या, "मामा, सात किलो म्हणजे किती पौंड?" मामा हातातलं काम न सोडता सांगायचे, "अठ्ठ्याण्णव." किलोला चौदा पौंड, चौदा साती अठ्ठ्याण्णव. बावीस वर्षं हाच त्यांचा मान होता. दुसरा कुठला नव्हताच.

मग बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा तिथेच काटे दुरुस्त करायला लागला. वशिला कोणाचा, तर मामांचाच. बायकोनं भुणभुण लावली म्हणून त्यांनी शब्द टाकला आणि आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.

महिन्याभरात साडूनं भिंतीवर तक्ता लावला. किलो, पौंड, बार असे तीन रकाने, अक्षर मोत्यासारखं. बायका मान वर करून तक्ता वाचू लागल्या. मामांना कोणी काही विचारेना.

"भाऊजींनी किती छान तक्ता केलाय म्हणे," घरी बायको म्हणाली. मामांनी अर्धं ताट बाजूला सारलं.

आणि एका सकाळी त्यांना घबाड सापडलं. तक्त्यात सात किलोपुढे चक्क शंभर लिहिलं होतं. मामांना इतका आनंद पगारवाढीनंसुद्धा झाला नव्हता. ते तडक सुपरवायझर बाईंना बोलावून घेऊन आले.

"चुकीचा तक्ता आहे, उतरवा तो," सगळ्यांसमोर त्यांनी ठणकावून सांगितलं.

बाईंनी मोबाइलवर हिशेब केला. "नव्व्याण्णव पूर्णांक छप्पन्न. म्हणजे शंभरच की. मामा, किलोला चौदा नाही, सव्वाचौदाच्या जवळपास होतात."

कोणीतरी खुदकन हसलं. मामांची कानशिलं तापली. बावीस वर्षांचा मान असा उभ्या उभ्या गेला.

तेवढ्यात साडू पुढे झाला. तो मामांना दादा म्हणायचा. "बाई, दादांचंही बरोबर आहे. माझा आकडा बॉयलरवरचा, त्यांचा यंत्रावरचा. मधल्या नळीत दीड-दोन पौंड दाब कमी होतो. तो धरूनच सांगतात ते."

बाईंनी यंत्रावरच्या काट्यात डोकावून पाहिलं. बॉयलर सातवर होता आणि इथे बरोबर अठ्ठ्याण्णव. "कमाल आहे मामा तुमची," त्या म्हणाल्या.

मामांनी मान डोलावली. नळीचा विचार त्यांच्या डोक्यात बावीस वर्षांत एकदाही आला नव्हता, आणि साडूला ते पक्कं ठाऊक होतं. त्याच्या चेहऱ्यावर टोमणा असता तर बरं झालं असतं, निदान मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण तिथे टोमण्याचा मागमूस नव्हता. दुपारपर्यंत तक्त्यावर चौथा रकाना चढला, त्याच मोत्यासारख्या अक्षरात: दादांचा आकडा.

संध्याकाळी बायको कौतुकानं म्हणाली, "धाकटीचा फोन आला होता. भाऊजी म्हणत होते, दादांचा हिशेब कोणाला जमणार नाही."

"खोटं बोलतो तो," मामा म्हणाले.

साडूबद्दल इतकं खरं ते आजवर बोलले नव्हते.

"अहो," बायको म्हणाली, "अजून किती जळाल त्याच्यावर?"