बारवेतलं पाणी

शेख सरांना आमच्या धाराशिवात सगळे 'पानवाले सर' म्हणत, आणि त्यांनी आयुष्यात कधी विडा तोंडाला लावला नव्हता. कुणी पुस्तकाविषयी मोघम बोललं की ते हळूच विचारत, "कोणत्या पानावर?" समोरचा चाचपडला की सरांचाच चेहरा उतरे. त्यांना कुणाला पकडायचं नसे. ते पान खरंच हवं असे.

इतिहास-विज्ञानाच्या नव्या पुस्तकांवर अभ्यासकांशी गप्पा, असा कार्यक्रम आम्ही दर महिन्याला वाचनालयात ठेवत असू. सूत्रसंचालन माझ्याकडे. सर निवृत्त विज्ञानशिक्षक. बेंबळीच्या पुढच्या वाडीतून एसटीनं यायचे, तेही पुस्तक दोनदा वाचून. पाहुणे मात्र बरेचदा नुसतं मलपृष्ठ वाचून आलेले. परतताना सर वैतागत. "शाल झाली, नारळ झाला. पुस्तक तेवढं न्हाय झालं."

एकदा जुन्या बारवा आणि त्यांचं भूजल यांवर लिहिणारे एक नामांकित अभ्यासक पुण्याहून आले. सरांच्या वाडीतल्या बारवेचे झरे केव्हाच आटलेत, असं त्यांनी पुस्तकात ठामपणे लिहिलं होतं. सर उभे राहिले.

"साहेब, पुस्तक लई चांगलंय. पण त्या बारवेत आजबी पाणी हाय."

"संदर्भ?" अभ्यासकांनी विचारलं.

"काल बघून आलो. लहानपणापासून पितोय."

"याला आठवण म्हणतात, संदर्भ नाही."

लोक हसले. सर पुढं काही सांगणार, एवढ्यात मी घड्याळ बघून म्हणालो, "सर, वेळ कमी आहे. बसा." ते बसले.

नंतर सरांनी दर पंधरा दिवसांनी दोरीला दगड बांधून पाणी मोजलं. मे महिन्यातही कमरेइतकं भरलं. नोंदी, फोटो अभ्यासकांना पाठवले. उत्तर नाही. दुसऱ्या आवृत्तीतही ते वाक्य जसंच्या तसं. पुढं वाडीत बारव बुजवून गाळे बांधायची टूम निघाली, तेव्हा हेच पुस्तक सगळ्यांना दाखवलं गेलं. सर माझ्याकडं आले. "तुमी प्राध्यापक. पाणी हाय एवढं लिहून द्या."

"लेखकांचं उत्तर येऊ द्या, सर," मी म्हणालो.

उत्तराआधी मुरमाचे ट्रॅक्टर आले.

मी माफी मागायला पहिल्यांदाच त्यांच्या वाडीत गेलो. सरांनी चहा केला, बारवेचा विषयही काढला नाही. निघताना मीच म्हणालो, "सर, चुकलंच माझं." त्यांनी सपाट केलेल्या जागेकडं बोट केलं.

"एकट्याची आठवण धरत न्हाईत. तुमी एकदा येऊन बघितलं असतं, तर आपण दोघं झालो असतो."

त्यानंतर ते वाचनालयात कधी आले नाहीत.